व्यवहार-विचार : शिल्लक रजा कोणाची?

वर्षअखेर जवळ आली म्हणजे धंदा असलेल्या घरांत वह्या उघडल्या जातात. उधारी किती, माल किती, बँकेचें देणें किती, याचा मेळ बसेपर्यंत घरांतील वडील मंडळींस चैन पडत नाहीं. परंतु त्याच कपाटांत एक वही अशी असते कीं, तिचा मेळ घालण्याची निकड कोणासच भासत नाहीं. ती म्हणजे नोकरांच्या हजेरीची वही. कोण किती दिवस कामावर आला हें तिच्यांत असतें. पण त्या कामावर त्याची रजा किती झाली, त्यानें ती किती भोगली व किती शिल्लक राहिली, हें बहुधा नसतें. या महिन्यांत या न मांडलेल्या खात्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्यास निमित्तहि तसेंच घडलें. भिवंडींतील एका एकत्र कुटुंबांतून आम्हांस पत्र आलें आहे. घरचा मागांचा कारखाना आहे आणि मुंबई-नाशिक रस्त्याच्या बाजूस एक गोदामहि आहे. दोन्ही मिळून तीसएक माणसें पगारावर आहेत. दर वर्षाच्या शेवटीं त्यांपैकीं पुष्कळांची रजा शिल्लक राहते, आणि तिचें काय करावें याविषयीं घरांत तीन मतें पडलीं आहेत. थोरले बंधु म्हणतात, "ज्यांनीं मागितली नाहीं त्यांस ती नकोच होती. नवें वर्ष, नवी पाटी." धाकटे बंधु म्हणतात, "दिवसांचे पैसे करून वांटून टाकावे, म्हणजे मागें तक्रार उरत नाहीं." आणि मातोश्रींचें म्हणणें असें कीं, "पैसे घेऊन तीं माणसें उद्यां पुन्हां मागावरच उभीं राहणार. त्यांना एकदां घरीं जाऊन येऊं द्या." पत्रलेखकांचा प्रश्न असा कीं, तिघांपैकीं बरोबर कोण?

आमचें उत्तर आरंभींच सांगून टाकतों. थोरले बंधु चुकतात. धाकटे बंधु देणें फेडतात, पण अर्धेंच. आणि मातोश्रींनीं मात्र रजेचा खरा अर्थ ओळखला आहे. हें असें कां, तें आतां क्रमानें पाहूं.

रजा ही धन्याची मेहेरबानी, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे, आणि एके काळीं ती वस्तुस्थितिहि होती. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वीं आठवड्याचीहि ठराविक सुट्टी नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून गिरणी-कामगारांस एकत्र करून जी खटपट केली, तिचें फळ म्हणून १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. लगेच १८९१ च्या कायद्यांत आठवड्याच्या सुट्टीस जागा मिळाली. तथापि ती सुट्टी बिनपगारी होती. भरपगारी रजा यावयास आणखी अर्धें शतक लोटावें लागलें. १९३६ सालीं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें वर्षाकाठीं निदान ६ कामाच्या दिवसांची भरपगारी रजा असावी असा करार संमत केला. आपल्याकडे १९४५ च्या दुरुस्तीनें, बारा महिने सलग नोकरी केलेल्या कारखाना-कामगारास १० दिवसांची भरपगारी सुट्टी देण्याचें ठरलें. आणि १९४८ च्या कारखाने कायद्यानें दर २० दिवसांच्या कामास एक दिवस रजा, हें आजवर चालत आलेलें प्रमाण घालून दिलें.

या प्रमाणाकडे वाचकांनीं नीट लक्ष द्यावें. कारण साऱ्या प्रश्नाची किल्ली त्यांत आहे. कायदा 'वर्षाला इतके दिवस देऊन टाका' असें म्हणत नाहीं. तो म्हणतो कीं, वीस दिवस काम करा, मग एकविसावा तुमचा. म्हणजे रजा ही आधीं केलेल्या कामाची मजुरीच आहे. ती रोख न देतां दिवसाच्या रूपानें धन्याकडे ठेविलेली असते. ठेवीस ज्याप्रमाणें 'मागितली नाहीं म्हणून आमची झाली' असें म्हणतां येत नाहीं, त्याचप्रमाणें रजेसहि म्हणतां येत नाहीं. आपल्या पूर्वजांनीं दुसऱ्याची ठेव गिळणाऱ्यास काय नांव दिलें आहे, तें सुशिक्षित वाचकांस सांगावयास नको.

आजचा कायदा थोडक्यांत असा आहे. १९४८ च्या कायद्याच्या जागीं आतां व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिति यांविषयींची २०२० ची संहिता आली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आहे. जुन्या कायद्यांत वर्षांत २४० दिवस काम भरल्यावर भरपगारी रजेचा हक्क मिळे. संहितेनें ती अट १८० दिवसांवर आणिली आहे. प्रमाण मात्र तेंच राहिलें आहे. ३०० दिवस काम करणाऱ्या प्रौढ कामगाराची १५ दिवस रजा होते. ती त्यानें त्या वर्षीं घेतली नाहीं, तर ३० दिवसांच्या मर्यादेपर्यंत पुढील वर्षांत ओढली जाते. तिसांच्या वर गेलेल्या दिवसांचे पैसे घेण्याचा त्यास अधिकार आहे, आणि वर्षअखेर त्यानें मागणी केल्यास शिल्लक रजेचेहि पैसे त्यास घेतां येतात.

याशिवाय धन्यांनीं डोळ्यांत तेल घालून वाचावें असें आणखी एक कलम आहे. कामगारानें रजा मागितली आणि ती त्यास दिली गेली नाहीं, तर अशी नाकारलेली रजा कोणत्याहि मर्यादेवांचून पुढें चालू राहते. 'सध्यां काम फार आहे, मागाहून पाहूं' हें वाक्य आपण सहज उच्चारतों. पण उच्चारतांक्षणींच आपल्या नांवें एक देणें लिहिलें जातें. कामगार नोकरी सोडून गेला किंवा त्यास कमी केलें, तर शिल्लक रजेची मजुरी दुसरा कामाचा दिवस संपण्याच्या आंत द्यावयाची असते. तो मरण पावला, तर त्याच्या वारसांस दोन महिन्यांच्या आंत.

गोदाम, पेढी व दुकान येथील नोकरांसाठीं महाराष्ट्राचा २०१७ चा दुकानें व आस्थापना कायदा आहे. त्यांत वर्षास ८ दिवसांची नैमित्तिक रजा, ८ दिवस सणांची भरपगारी सुट्टी, आणि २४० दिवस काम भरल्यास दर २० दिवसांस एक दिवस याप्रमाणें रजा सांगितली आहे. ही शेवटची रजा ४५ दिवसांपर्यंत सांठवितां येते. नैमित्तिक रजा मात्र वर्षाबरोबर संपते. थोरल्या बंधूंचा घोटाळा बहुधा येथेंच झाला असावा. जी संपते तिचा नियम त्यांनीं जी संपत नाहीं तिला लाविला. हे कायदे माणसांच्या ठराविक संख्येपासून लागू होतात व ती संख्या वेळोवेळीं बदलत आली आहे. म्हणून आपल्या धंद्यास कोणतें कलम लागतें, हें जाणत्याकडून एकदां पक्कें करून घ्यावें.

कोणी म्हणेल, "देणें असेल, पण तें कधीं द्यावें लागेल याचा नेम नाहीं, मग आजच त्याची चिंता कशास?" हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें भारत अर्थ मूव्हर्स या कंपनीच्या प्रकरणांत आला होता. २००० सालीं न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, शिल्लक रजेचें देणें हें 'झालें तर होईल' अशा जातीचें नव्हे; तें आजचेंच देणें आहे, फक्त त्याची फेड पुढें व्हावयाची आहे. हिशेबाच्या मानकांतहि हें देणें दरवर्षीं मांडावें असें सांगितलें आहे. मात्र आयकरांत त्याची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळते, आणि हा नियमहि सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं एक्साइड कंपनीच्या प्रकरणांत वैध ठरविला. तात्पर्य, रजा सांठवीत बसणाऱ्या धन्याचें देणें वाढतें, पण करांत सवलत मिळत नाहीं.

देणें वाढतें कसें, याचा एक लहानसा हिशेब मांडूं. समजा, वीस कामगारांची सरासरीनें अठरा दिवस रजा शिल्लक आहे. म्हणजे ३६० दिवस. रोज ६०० रुपये धरला, तर हें देणें २,१६,००० रुपये होतें. दोन वर्षांनीं रोज ७०० रुपये झाला, तर तेंच ३६० दिवस २,५२,००० रुपयांचे होतात. रजेचा एक दिवसहि वाढलेला नाहीं, आणि देणें मात्र ३६,००० रुपयांनीं चढलें. कारण जुना दिवस नव्या दरानें फेडावा लागतो. ज्यास आपण बचत समजत होतों, तें वस्तुतः चढत्या व्याजाचें कर्ज होतें.

आतां प्रश्न राहिला कीं, रजा हक्काची असून माणसें ती घेत कां नाहींत? 'नको होती' हें थोरल्या बंधूंचें उत्तर फार सोपें आहे. आपल्याच घरांतील उदाहरण घेऊं. नवी सून 'मला माहेरीं पाठवा' असें तोंडानें म्हणत नाहीं. म्हणून तिला माहेर नको आहे, असें कोणतीहि शहाणी सासू समजत नाहीं. दिवाळसण जवळ आला कीं ती स्वतःच निरोप धाडते. बैलास बोलतां येत नाहीं, तरी शेतकरी पोळा चुकवीत नाहीं. मग बोलतां येणाऱ्या माणसानें भीतीनें वा संकोचानें तोंड उघडलें नाहीं, एवढ्यावरून त्याचा हक्क बुडावा काय?

भिवंडीच्या मागवाल्याची भीति कशाची आहे, हें समजून घेतलें पाहिजे. येथील पुष्कळ विणकर उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगणा येथून आलेले. त्यांची मजुरी मीटरवर. माग चालला तर पैसा, थांबला तर शून्य. बारा-बारा तासांच्या पाळ्या, एका माणसाकडे कित्येक माग, आणि शेजारीं जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा दुसरा माणूस. अशा स्थितींत गांवीं जाणें म्हणजे मजुरी तर गेलीच, पण परत आल्यावर तोच माग मिळेल याचाहि भरंवसा नाहीं. त्यांतून शेटजींकडून उचल घेतलेली असली, तर मग 'रजा' हा शब्द ओंठावर यावयाचाच नाहीं. एकाच छपराखालचे माग निरनिराळ्या नांवांवर दाखवून माणसांची संख्या कायद्याच्या मर्यादेआंत ठेवण्याची युक्तीहि या धंद्यांत जुनी आहे. जेथें ती चालते, तेथें रजेचें खातें उघडतच नाहीं.

याला इतिहासहि कारण आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांतील मोठा संप सुरू झाला, आणि त्यानंतर कापडाचें पुष्कळ काम भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गांवांकडे वळलें. काम आलें, परंतु गिरणी-कामगारांनीं पिढ्यान्‌पिढ्या झगडून मिळविलेले हक्क त्याच्यामागून आले नाहींत. 'मीटरवर मजुरी घेणाऱ्याची रजा मोजावी कशी?' अशी एक सबब पुढें केली जाते. तिच्यांत अर्थ नाहीं. रजेच्या लगेच आधींच्या महिन्यांत कामगारानें जितके दिवस काम केलें, त्या दिवसांच्या मिळकतीची सरासरी काढावी, जादा तासांची मजुरी व बोनस वगळावा, आणि जो आंकडा येईल तो रजेचा रोज समजावा, हा नियम १९४८ च्या कायद्यानेंच घालून दिला होता. ज्याला भागाकार येतो त्याला तुकड्यावरच्या कामगाराची रजा मोजतां येते.

रजेचें खातें नसणें म्हणजे काय, हें भिवंडीनें २०२० सालीं डोळ्यांनीं पाहिलें. मार्चअखेर टाळेबंदी झाली आणि मागांचा खडखडाट एकाएकीं बंद पडला. मीटर नाहीं म्हणून मजुरी नाहीं. पुष्कळजण नाशिकच्या रस्त्यानें पायींच मुलुखाकडे निघाले. मे महिन्याच्या आरंभीं भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरकडे कामगारांसाठीं खास गाडी सोडावी लागली. दहा-दहा वर्षें एकाच छपराखालीं माग चालविलेल्या माणसांच्या हातीं निघतांना कांहींच नव्हतें. त्यांच्या नांवावर तीस दिवसांची रजा नुसती लिहिलेली असती, तरी महिन्याभराची मजुरी हक्कानें मागतां आली असती. उपकार म्हणून दिलेल्या शिध्यांत आणि हक्काच्या पैशांत जें अंतर आहे, तें घेणाऱ्याच्या मानेस कळतें.

म्हणून धाकट्या बंधूंचा रोख पैशांचा मार्ग आम्ही टाकाऊ मानीत नाहीं. देणें फेडणें केव्हांहि चांगलें. परंतु तो पहिला मार्ग होऊं नये. पैसे घेतलेल्या माणसाचा थकवा जात नाहीं. गांवीं त्याची वाट पाहणारी आई त्याला भेटत नाहीं. १९३१ सालीं व्हिटले कमिशननें आपल्या अहवालांत असा अभिप्राय दिला होता कीं, कामगाराचा गांवाशीं असलेला संबंध ही उपयोगाची गोष्ट आहे; तो तोडूं नये, तर त्यास व्यवस्थित वळण लावावें. तें वळण लावण्याचें साधन म्हणजे वेळेवर व ठरवून दिलेली रजा. ती नसली म्हणजे काय होतें तें भिवंडीच्या प्रत्येक मागवाल्यास ठाऊक आहे. लग्नसराई किंवा ईद आली कीं निम्मे लोक एकदमच निघून जातात, कोणी महिन्यानें येतो, कोणी दोन महिन्यांनीं, कोणी दुसऱ्याच कारखान्यांत जाऊन लागतो, आणि इकडे माग धूळ खात उभे राहतात.

व्यवस्था कशी लावावी, याविषयीं चार सूचना करतों.

पहिली गोष्ट खात्याची. प्रत्येक माणसाच्या नांवें एक पान उघडावें व त्यावर तीनच रकाने आंखावे : झालेली रजा, घेतलेली रजा आणि शिल्लक. दर तीन महिन्यांनीं त्या माणसास तें पान वाचून दाखवावें व त्याची सही किंवा अंगठा घ्यावा. जें त्यास ठाऊक आहे त्यावरून भांडण होत नाहीं. भांडण होतें तें अंधारांतल्या आंकड्यांवरून.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. वर्षारंभींच प्रत्येकास विचारावें कीं, तुला कधीं जावयाचें आहे. कोणास होळी हवी, कोणास ईद, कोणास छठपूजा, कोणास दसरा, तर कोणास बहिणीच्या लग्नासाठीं वैशाख-ज्येष्ठ. एका वेळीं किती माणसें सोडतां येतील तें आधीं ठरवून त्यांच्यापुढेंच नांवें लिहावीं. ज्याची यंदा पाळी चुकली त्याचें नांव पुढल्या वर्षीं वर घालावें. ईद दरवर्षीं सुमारें अकरा दिवसांनीं अलीकडे येते, हेंहि ध्यानांत असावें. गतवर्षींचें वेळापत्रक डोळे मिटून उतरून घेतां येत नाहीं. आणि ज्याचें गांव दूर आहे त्याची रजा तुकड्यांनीं देण्यांत अर्थ नाहीं. जाण्यायेण्यांतच तीन-चार दिवस मोडणाऱ्यास सहा दिवसांची रजा देणें म्हणजे त्यास प्रवास घडविणें होय, विश्रांति नव्हे.

तिसरी गोष्ट बदली माणसाची, आणि हीच खरी अडचण आहे असें धनी सांगतात. येथें पुन्हां त्या वीस व एक या प्रमाणाकडे वळूं. वीस विणकरांची प्रत्येकीं पंधरा दिवस रजा म्हणजे वर्षाचे ३०० दिवस. ३०० दिवस म्हणजे एका माणसाचें वर्षभराचें काम. म्हणजे वीस माणसांवर एकविसावा माणूस कायमचा बदली म्हणून ठेविला, तर कोणाच्याहि रजेनें माग थांबण्याचें कारण उरत नाहीं. कायद्याच्या प्रमाणांतच त्याची सोय सांगून ठेविलेली आहे, आपण ती वाचीत नाहीं इतकेंच. मुंबईच्या गिरण्यांनीं १९३५ पासून बदली कामगारांस कार्डें देऊन ही व्यवस्था बसविली होती. लहान कारखानदारांस एकटें परवडत नसेल, तर शेजारच्या दोघां-तिघांनीं मिळून एक कसबी बदली माणूस ठेवावा.

चौथी गोष्ट पैशांची. रजेवर निघणाऱ्याच्या हातीं रजेची मजुरी आधींच द्यावी. चार दिवसांहून कमी नसलेल्या रजेची मजुरी आगाऊ देण्याचें बंधन जुन्या कारखाने कायद्यांतहि होतें. त्या मजुरींतून सारी उचल एकदम कापून घेऊं नये. रिकाम्या हातानें गांवीं गेलेला माणूस तेथें नवें कर्ज करून येतो, किंवा येतच नाहीं. त्याचा माग त्याच्यासाठीं राखून ठेविला आहे, हें त्यास दहाजणांदेखत सांगावें. एवढी खात्री मिळाली म्हणजे बहुतेक माणसें ठरल्या दिवशीं परततात. हें सर्व करूनहि जे दिवस उरतील, त्यांचे मात्र धाकट्या बंधूंच्या मताप्रमाणें खुशाल पैसे करावे.

आणखी एका माणसाविषयीं स्वतंत्रपणें लिहिलें पाहिजे. प्रत्येक कारखान्यांत एक मेहता, प्रत्येक पेढींत एक जुना हिशेबनीस असा असतो, कीं ज्यानें दहा वर्षांत रजा म्हणून घेतलेली नसते. किल्ल्या त्याच्यापाशीं, वह्या त्याच्यापाशीं. 'मी नसलों तर अडेल' असें तो म्हणतो व धनीहि कौतुकानें तेंच म्हणतात. अशा माणसास रजेवर धाडणें हें धन्याचें विशेष कर्तव्य आहे. त्याची प्रकृति हें एक कारण. दुसरें असें कीं, जें काम एकाच माणसास येतें तें काम धंद्याच्या मालकीचें नसून त्या माणसाच्या मालकीचें असतें. आणि तिसरें कारण रिझर्व्ह बँकेनें ओळखलें आहे. जोखमीच्या जागीं काम करणाऱ्या बँक-नोकरांस वर्षांतून एकदां सलग निदान १० कामाचे दिवस सक्तीनें, आणि तेंहि पूर्वसूचना न देतां, रजेवर पाठवावें, असें तिचें जुलै २०२१ चें परिपत्रक आहे. दुसऱ्याच्या हातीं वही गेली म्हणजे प्रामाणिक माणसाची चूक दुरुस्त होते आणि अप्रामाणिकाची लबाडी उघडी पडते. मेहत्यावर विश्वास असेल, तर या रजेनें तो वाढेल; विश्वास अस्थानीं असेल, तर तें वेळेवर कळेल.

येथपर्यंत वाचून ज्यांचा कारखाना नाहीं, ते वाचक म्हणतील कीं हा विषय आमचा नव्हे. तसें नाहीं. आपल्या स्वयंपाकघरांतहि एक धनीपण चालतें. भांडीं घासणारी बाई, स्वयंपाकीण, आजोबांजवळ रात्रीं बसणारा मुलगा, हींहि माणसें वीस दिवसांमागें एकविसावा दिवस मिळवीत असतात. फक्त तो कोणी लिहून ठेवीत नाहीं. घरकामगारांसाठीं महाराष्ट्रानें २००८ सालीं कल्याण मंडळाचा कायदा केला, तरी त्यांच्या रजेचा हिशेब अद्यापि घरधनिणीच्या सदसद्विवेकावरच चालतो. बाई न सांगतां चार दिवस आली नाहीं म्हणून आपण खाडे मोजतों आणि पगार कापतों. पण वर्षभरांत न घेतलेल्या सुट्ट्या मोजून दिवाळीच्या वेळीं त्यांचे पैसे तिच्या हातीं ठेवणारीं घरें किती? एकत्र कुटुंबांत तर चार जावांचीं चार फर्मानें एकाच बाईवर सुटतात आणि तिच्या सुट्टीचा प्रश्न आला कीं प्रत्येकजण दुसरीकडे बोट दाखविते. अशा घरीं एका शहाण्या स्त्रीनें हें खातें आपल्याकडे घ्यावें. दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर तिच्या नांवाचे तेच तीन रकाने आंखण्यास पेन्सिलीपलीकडे कांहीं लागत नाहीं.

नोकराची न घेतलेली रजा हें त्याच्या निष्ठेचें प्रमाणपत्र मानण्याची आपल्यास संवय लागली आहे. 'आमचा अमुक वर्षभरांत एक दिवस घरीं राहिला नाहीं' असें आपण पाहुण्यांस अभिमानानें सांगतों. यापुढें असें सांगण्याचा प्रसंग आला, तर त्या अभिमानाच्या शेजारीं वहींतील आंकडाहि आठवावा. कारण जितके दिवस तो राहिला नाहीं, तितके दिवस आपण त्याचें देणें लागतों. आणि तें देणें फेडण्याची सर्वांत उत्तम रीत पैशाच्या पेटींत नसून, ठरल्या दिवशीं त्याच्या हातीं गाडीभाडें व मजुरी देऊन "जा, सर्वांस भेटून ये, तुझी जागा तुझीच आहे" या चार शब्दांत आहे.